बंपर घासावा की राखावा

जुन्या गाडीच्या बंपरवर तांबूस ठिपके दिसले की माणसांचे दोन पक्ष पडतात. एक लगेच घासणी शोधतो, दुसरा आधी चष्मा शोधतो. खालच्या संवादातले मामा आणि भाची या दोन पक्षांसाठी मी रचलेले आहेत. मामा रत्नागिरीचा. गॅरेज आता मुलाच्या हवाली केलेलं, आणि स्वतःच्या अंगणात एक प्रीमियर पद्मिनी. भाची मुंबईत धातूच्या जुन्या वस्तू जतन करण्याचं काम करते.

पद्मिनीच का, तर तिच्यासारखी मीठ खाल्लेली गाडी आपल्याकडे दुसरी नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बाहेर पडली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईची टॅक्सी म्हणून ती उरली नाही. टॅक्सीला वयाची अट होती. घरगुती पद्मिन्या मात्र किनारपट्टीवर अजून आहेत, आणि त्यांचे पोलादी, वरून क्रोम केलेले बंपर दर पावसाळ्यात मालकांची परीक्षा घेतात.

मामा: ये, बरी वेळेवर आलीस. हे बघ, ह्या बाजूनं सगळा बंपर फुललाय. तारेची घासणी आणून ठेवली आहे. चहा होईपर्यंत लख्ख करतो.

भाची: ती घासणी आधी खाली ठेव मामा. मला सांग, ह्यातला गंज किती आणि गंजाचा ओघळ किती?

मामा: तांबूस दिसतो तो गंज. त्यात आणखी पोटभेद कसले?

भाची: आहेत ना. मामीकडची पोळ्या गुंडाळायची फॉइल आण, आणि वाटीभर पाणी.

मामा: पोळ्यांच्या कागदानं गंज निघणार? अगो, चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय मी.

भाची: म्हणून तर तुझ्यासमोरच करते. आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन घेतलं, नाहीतर चिकटलेली वाळूच आपण घासत बसतो. आता फॉइलचा बोळा, चकचकीत बाजू कुठली ते बघायची गरज नाही. पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हातानं गोल फिरवायचा. हा एकच ठिपका धर, बोटाच्या पेराएवढा.

बोळ्याखाली आधी करडं, मग काळपट पाणी सुटतं. तिनं फडक्यानं पुसल्यावर पेराएवढा तांबूस डाग गेलेला असतो. मधोमध उरतो तो मोहरीहूनही लहान काळा ठिपका. मामा वाकून बघतो, चष्मा वर सरकवून पुन्हा बघतो.

भाची: गंज एवढाच. बाकीचं तांबूस म्हणजे ह्या भोकातून बाहेर आलेलं पाणी, चांगल्या क्रोमवर वाळलेलं. क्रोम स्वतः गंजत नाही. त्याला सुई शिरेल न शिरेल अशी भोकं असतात, त्यातून पाणी खालच्या पोलादापर्यंत जातं, आणि गंजतं ते पोलाद. तू घासणीनं जे घासणार होतास त्यातला बहुतेक भाग नुसताच मळला होता.

मामा: बरं. पण मला एक सांग. क्रोम पोलादापेक्षा कठीण, हे मलाही माहीत आहे. मग पोलादी तारेनं त्याला ओरखडा कसा जाईल? तुझंच म्हणणं तुझ्यावर उलटतं.

इथे मामानं बरोबर जागी बोट ठेवलं. फॉइलची युक्ती सांगणारे बहुतेक जण 'अॅल्युमिनियम मऊ, क्रोम कठीण, म्हणून ओरखडा नाही' एवढ्यावर थांबतात. त्या हिशेबानं तारही निर्दोष सुटायला हवी.

भाची: क्रोम कठीण आहे, पण आहे किती? शोभेच्या क्रोमचा थर असतो पाव ते अर्धा मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन धर. त्या पापुद्र्याच्या खाली निकल, ते बरंच मऊ. भोकाच्या कडेला तर खालून गंजानं पोखरलेलं असतं, तिथे क्रोम अधांतरीच. तारेचं टोक नेमकं त्या कडेत अडकतं आणि पापुद्रा उचलतं. मोहरीएवढ्याचा वाटाणा होतो. शिवाय घासणीच्या तारेचे तुकडे भोकात अडकून राहतात, आणि पुढच्या आठवड्यात तेच गंजतात. तू म्हणतोस, गंज परत आला. तो परत येत नाही, तूच तिथे पेरलेला असतोस.

मामा: भांड्याची घासणी सोड. आम्ही सगळ्यात बारीक स्टील वूल वापरायचो, चार शून्यांचं, तेही तेलात भिजवून. त्यानं कधी काही बिघडलं नाही.

भाची: चार शून्यांचं, तेलातलं, हलक्या हातानं असेल तर मी भांडणार नाही. खूप जाड गंजाला मीही तेच वापरीन. पण नंतर तो भाग तेलानंच पुसून कण काढले पाहिजेत. आणि खरं सांग, पोरं गॅरेजमध्ये हलक्या हातानं घासायची?

मामा: पोरं कसली, मीच नाही घासायचो. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असायचं.

भाची: मग हा पिवळसर पट्टा बघ, नंबरप्लेटच्या बाजूचा. बाकीचा बंपर निळसर चमकतो आणि हा भाग जरा उबदार, पिवळ्या झाकेचा. कळलं हे काय?

मामा: निकल उघडं पडलंय.

भाची: हो. तिथलं क्रोम घासून संपलं. आणि त्या कोपऱ्यावर लालसर आहे, ते तू गंज समजून आणखी घासशील. ते तांबं आहे. निकलच्याही खालचा थर.

मामा काही बोलत नाही. गॅरेजवाल्याला हे रंग माहीत असतात, पण ते दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून माझा कल इथे सरळसरळ भाचीकडे आहे. बंपरवर घासण्यासाठी जे आहे ते मोजकं आहे, आणि प्रत्येक वेळच्या 'लख्ख'पणाची किंमत त्यातूनच वळती होते.

मामा: पण मग खरं राखणारं कोण? क्रोम एवढं पातळ, त्याला भोकं. मग त्याचा उपयोग काय?

भाची: राखतं निकल. दहा-वीस-तीस मायक्रॉनचं निकल हीच खरी भिंत. क्रोम म्हणजे ती भिंत काळवंडू नये म्हणून वरचा हात. कोरियाच्या युद्धाच्या वेळी अमेरिकेत निकलवर सरकारी निर्बंध आले. गाड्यांच्या कंपन्यांनी तांब्यावर थेट क्रोम चढवलं आणि वरून लाखेसारखं वार्निश मारलं. १९५१-५२ च्या त्या गाड्यांचं क्रोम दिसायला तेच होतं, पण टिकलं नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन तिकडे अजून त्या सालांना नावं ठेवतात.

मामा: हे सगळं अमेरिकेचं आणि प्रयोगशाळेचं. आता माझं ऐक. तू तासभर बंपरचं तोंड बघते आहेस. खाली वाक आणि त्याच्या पोटात हात घाल.

भाची: ...चिखल आहे.

मामा: चिखल नाही, वाळलेली माती, पापुद्रेच्या पापुद्रे. काढ जरा. हाताला काय लागतं? तोंडावर निकल, क्रोम, सगळा थाट. पोटात प्लेटिंग नावाला. चाकानं उडवलेला लाल चिखल तिथे बसतो, आणि समुद्राचं मीठ त्यात मुरतं. ते वरून धुतलं जात नाही, कारण पाऊस तिथे पोचत नाही. माझ्याकडे आलेले बंपर बहुतेक आतून सडलेले असायचे. लोक मात्र पॉलिशची डबी घेऊन पुढून घासत बसलेले.

भाची: हे मान्य.

मामा: तुमच्या पुस्तकात मीठ कुठे येतं सांग बघू.

भाची: येतं की. हवेतली आर्द्रता साधारण पंच्याहत्तर टक्क्यांवर गेली की मीठ आपणहून हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात मामीच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच. इथे जून ते सप्टेंबर हवा त्या आकड्याच्या खाली फारशी येतच नाही. म्हणजे बंपरवर मिठाचा पातळ थर असेल तर पाऊस पडो न पडो, तो चार महिने ओलाच.

मामा: म्हणून मी म्हणतो, पॉलिश गेलं खड्ड्यात, आधी गोड्या पाण्यानं धुवा. खालून, नळी लावून. मांडवीला समुद्रावर फिरायला गेलो की परत आल्यावर गाडी धुतल्याशिवाय जेवत नाही मी. आणि तुझ्या मुंबईची मंडळी वरळीच्या भिंतीला गाड्या लावतात, लाटा अंगावर घेतात, आणि रविवारी पॉलिश मारतात.

या मुद्द्यावर मामाच्या पुढे जाणं कठीण आहे. गंज काढायच्या युक्त्या जितके लोक विचारतात त्यांच्या एकदशांशही लोक मीठ धुवायच्या युक्त्या विचारत नाहीत. खालून मारलेली गोड्या पाण्याची नळी, आणि नंतर कोरडं फडकं. फडकं तर नक्कीच हवं, कारण बोअरचं पाणी अंगावरच वाळलं की पांढरे डाग पडतात, ते चुन्याचे. त्यांना पाणी घातलेलं व्हिनेगर पुरतं, लगेच धुऊन टाकलं तर.

भाची: आणि मग धुतलेल्या ओल्या गाडीवर तू ताडपत्री टाकतोस.

मामा: पाऊस लागू नये म्हणून.

भाची: पाऊस लागला तरी निथळून जातो. ताडपत्रीखालची वाफ कुठे जाणार? छपराखाली उघडी ठेव. झाकायचीच असेल तर सुती कापड, तेही गाडी कोरडी असताना.

मामा: बघू. तुझ्या मामीचं एक औषध आहे, ते ऐकून घे. लिंबाची फोड मिठात बुडवायची आणि घासायची. तिची तांब्या-पितळेची समई झगझगते.

भाची: समईला चालेल. बंपरवर लिंबू-मीठ म्हणजे जे धुवायला आपण नळी लावली तेच पुन्हा हातानं चोळणं.

मामा: मीठ सोड. नुसतं लिंबू? चिंच? आमसुलाचं पाणी?

भाची: डागापुरतं चालतं. सौम्य आंबटानं गंजाचा डाग विरघळतो. किराण्यातलं लिंबूसत पाण्यात घालून कापसानं पाच मिनिटं ठेवलं तरी पुष्कळ. पण आंबट पाणी भोकात शिरून तिथेच राहिलं तर ते उघड्या पोलादालाही खातं. म्हणून मागोमाग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं करणं. आणि संडास धुवायचं अॅसिड बाटलीत भरून गॅरेजमध्ये ठेवतात ना, ते क्रोमच्या जवळपासही नको. ते गंज खातं हे खरं, पण क्रोमही खातं.

मामा: ते एका गिऱ्हाइकानं केलं होतं. बंपर पांढराफटक होऊन माझ्याकडे आला.

भाची: आता लोहचुंबक आण.

मामा: तो कशाला आणि?

भाची: गाडीवरचं चकाकणारं सगळं एक नसतं म्हणून. बंपरला चिकटतो, म्हणजे आत पोलाद. हे अक्षर बघ, दाराचं हँडल बघ, चिकटत नाही. ही असली कामं बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असतात. त्यांना तांबूस गंज येत नाही, पांढरे फोड येतात, खालून वर येणारे. ते घासून जात नाहीत, घासलंस तर फुटतात. तिथे नुसतं पुसायचं आणि मेण लावायचं. आणि ही बाजूची पट्टी अॅल्युमिनियमची, तिच्यावर अॅनोडाइझचा थर आहे. तू ती कपड्याच्या पावडरीनं धुतोस.

मामा: मग काय शांपूनं धुऊ?

भाची: हो. पावडरीतल्या सोड्यानं तो थर दुधी होतो, आणि एकदा दुधी झाला की पॉलिशनं निघत नाही. नव्या महागड्या गाड्यांच्या खिडक्यांभोवती ते पांढरे डाग दिसतात ना, ते हेच. चुंबकाचाही सगळीकडे भरवसा नको. काही स्टेनलेस पट्ट्या चिकटतात, तरी त्या स्टेनलेसच असतात. आणि आजच्या गाड्यांच्या ग्रिलचं क्रोम तर प्लास्टिकवर चढवलेलं असतं. त्याला गंज कुठून येणार? त्यावरचे तांबूस कण ब्रेकची किंवा रेल्वेची उडालेली लोखंडी धूळ.

मामा: इतकं सगळं करण्यापेक्षा माझं साधं म्हणणं ऐक. खोल. कोल्हापूरला पाठव. जुनं उतरवून, बफ करून, नवं क्रोम चढवून घे. पुढची वीस वर्षं बघायला नको.

भाची: आणि हा बंपर?

मामा: हाच बंपर. नवा होऊन येईल.

भाची: हाच राहणार नाही. जुनं निकल उतरवताना आणि खड्डे बुजेपर्यंत बफ मारताना पोलादही जातं. कडा गोल होतात, रेषा बोथट होतात. खड्डा खोल असला तर तांबं भरून पुन्हा घासतात. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची एक सनद आहे, तुरीन चार्टर. जुन्या इमारतींसाठी १९६४ ची व्हेनिसची सनद आहे, तिच्या धर्तीवरची. तिचा सूर असा की गाडी जितकी मूळची ठेवता येईल तितकी ठेवा, आणि जे कराल ते ओळखू येऊ द्या. वापरातून आलेल्या खुणा हाही त्या गाडीचा भाग.

मामा: गंजसुद्धा इतिहास? मग दिल्लीच्या लोहस्तंभासारखा उभा करतो बंपर अंगणात.

भाची: तू चेष्टा करतोस, पण तो सोळाशे वर्षं टिकला तो गंजाच्याच थरानं. त्या लोखंडात फॉस्फरस पुष्कळ आहे, त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा घट्ट पापुद्रा बसला. आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यमांनी त्यावर बरंच काम केलं.

मामा: तो खांब इथे भाट्याच्या पुळणीवर आणून उभा कर आणि मग मला सांग. आणि मी खांब चालवत नाही गो, गाडी चालवतो. म्युझियमच्या काचेत ठेवायची असती तर तुझं सगळं ऐकलं असतं.

हा टोला लागतो. सनदा बहुधा अशा गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या जातात ज्यांच्या अंगावर जुलैचा पाऊस महिनाभर पडत नाही. माझ्या मते ज्या बंपरचं पोलाद आतून पातळ होत चाललं आहे, त्याच्या 'खुणा' जपणं म्हणजे काही दिवसांत बंपरच गमावणं. पण पुढे मामानंच जे सांगितलं, त्यानं माझंही मत जरा हललं.

मामा: खरं सांगू का, कोल्हापूर म्हटलं खरं, पण मी स्वतः तिकडे पाठवून बरीच वर्षं झाली. पूर्वी मुंबईत एका क्रोमिंगवाल्याकडे द्यायचो. छोटा गाळा, हौद उघडे, वर नारिंगी वाफ. त्याच्याकडचा एक माणूस होता, पंचवीस-तीस वर्षं हौदावर उभा राहिलेला. नाकाचा आतला पडदा आरपार गेलेला त्याच्या. हसत दाखवायचा.

भाची: हौदातल्या हेक्साव्हॅलंट क्रोमियमनं तसं होतं. जुन्या क्रोमिंगच्या कामगारांत ते पूर्वीपासून नोंदलेलं आहे. आणि पुढचं नाकापेक्षा वाईट. फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते पक्कं कारण धरलं जातं. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये शोभेच्या प्लेटिंगमधून ते टप्प्याटप्प्यानं बंद करायचा नियम केला.

मामा: दुसऱ्या प्रकारचं क्रोमिंग निघालंय म्हणतात.

भाची: ट्रायव्हॅलंट. त्याचा धोका पुष्कळ कमी, रंग किंचित काळपट पडतो एवढंच. पाठवायचंच असेल तर आधी विचार, ते करतात का, आणि हौदाचं पाणी कुठे सोडतात.

मामा: विचारलं तर मला हाकलून देतील.

भाची: म्हणून म्हणते, जे पुसून आणि सील करून भागतं ते प्लेटिंगला पाठवू नको. आणि जे भागत नाही ते खुशाल पाठव. हा डाव्या कोपऱ्यावरचा उभा तुकडा, ह्याचं क्रोम पापुद्र्यानं उठलंय, त्याला माझ्याकडेही औषध नाही. तो सुटा खोलता येतो. तेवढाच दे.

मामा: आणि मधला?

भाची: मधल्याचे डाग फॉइलनं काढू. उरलेल्या ठिपक्यांत टूथपिकच्या टोकानं फॉस्फोरिक अॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर थेंबथेंब घालू, भोकाबाहेर सांडायचं नाही. वाळलं की पुसून वर कठीण मेण. ते ठिपके काळे दिसत राहतील. लांबून कोणाला दिसणार नाहीत.

मामा: मला दिसतील.

भाची: तुला दिसलेले बरेच. पुन्हा तांबूस झाले तर कळेल मेण संपलं.

मामा: पोटाचं काय? तू ते विसरलीस. तिथे मेण पुरणार नाही. माती खरवडून, तारेचा ब्रश मारून, रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग. आणि बोल्ट सगळे स्टेनलेसचे. ह्या सगळ्या ओघळांतले निम्मे त्या गंजक्या बोल्टांतून आलेत, तुझ्या सुईच्या भोकांतून नाही.

भाची: पोटात तारेचा ब्रश मार खुशाल. बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घाल.

मामा: ते मी तुझ्या जन्माआधीपासून घालतो. पण रंग आत्ता नाही. ह्या हवेत तो चिकट राहतो आणि ओल आत कोंडतो. आधी ऊन पडू दे. दसऱ्याच्या आधी हातावेगळं करू.

भाची: दसऱ्याला हार घालशील ना गाडीला?

मामा: म्हणजे काय, घालणारच. त्यात तुझं काय?

भाची: झेंडूचा हार ग्रिलला तारेनं बांधतोस, तो तिथे ओला कुजत राहतो. गेल्या खेपेला हाराखालीच नवे ठिपके आले होते, आणि तारेनं पट्टीवर ओरखडे. हळदी-कुंकवाचे शिंतोडे तर बंपरवर वाळलेलेच होते. सुतळीनं बांध, आणि दुसऱ्या दिवशी काढ.

मामा: दुसऱ्या दिवशी? अगो, दाराचं तोरण तुझी मामी दिवाळीपर्यंत काढू देत नाही. हे तूच सांग तिला.